विल्सन बेंटली

विल्सन ॲल्विन बेंटली (जन्म : ९ फेब्रुवारी १८६५, मृत्यू : २३ डिसेंबर १९३१) हे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील शेतकरी, छायाचित्रकार व स्वयंशिक्षित हवामान-अभ्यासक होते. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकांची छायाचित्रे घेणाऱ्या आद्य अभ्यासकांमध्ये त्यांची गणना होते. १८८५ ते १९३१ या काळात त्यांनी पाच हजारांहून अधिक हिमस्फटिकांची छायाचित्रे टिपली. त्यामुळे ते ‘स्नोफ्लेक बेंटली’ या टोपणनावाने ओळखले जाऊ लागले. कोणतेही दोन हिमस्फटिक तंतोतंत सारखे नसतात, ही जगभर रूढ झालेली समजूत प्रामुख्याने त्यांच्या छायाचित्रांमुळे आणि लेखनामुळे पसरली. पावसाच्या थेंबांचे आकारमान मोजण्याचे त्यांचे कामही मोलाचे आहे; मात्र त्याची दखल घेतली जाण्यास अनेक दशके लागली.

बेंटली यांनी कोणत्याही विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते. त्यांचे जवळजवळ सर्व संशोधन जेरिको या खेड्यातील वडिलोपार्जित शेतघरात झाले. त्याच गावच्या दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले आहे.

पार्श्वभूमी

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्य भागातील न्यू इंग्लंड प्रदेशातले लहान, डोंगराळ राज्य आहे. १७९१ साली ते अमेरिकेच्या संघराज्यात चौदावे राज्य म्हणून सामील झाले. लोकसंख्येच्या दृष्टीने वायोमिंगनंतर त्याचाच क्रमांक शेवटून लागतो आणि तेथील बहुसंख्य लोक आजही ग्रामीण भागात राहतात. दुग्धव्यवसाय आणि मेपल वृक्षाच्या रसापासून केलेला पाक ही राज्याची जुनी ओळख आहे. येथील हिवाळा दीर्घ व कडक असतो. जेरिको हे खेडे बर्लिंग्टन शहराच्या पूर्वेस, मॅन्सफील्ड या राज्यातील सर्वांत उंच पर्वताच्या पश्चिमेकडील परिसरात वसले आहे. या भागात वर्षातील कित्येक महिने हिमवर्षाव होत असल्याने बेंटली यांना अभ्याससामग्रीसाठी कोठेही जावे लागले नाही.

हिमस्फटिक आणि गार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात अवकाळी पावसात पडणाऱ्या गारा ढगांतील जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाहांमध्ये पाण्याचे थेंब गोठून आणि त्यांवर बर्फाचे थर चढून तयार होतात. हिमस्फटिकाची वाढ मात्र मुख्यतः हवेतील बाष्पापासून होते; बाष्प द्रवरूपात न येता थेट बर्फाच्या रूपात स्फटिकावर साचत जाते. बर्फातील पाण्याच्या रेणूंची मांडणी षट्कोनी असल्याने स्फटिकालाही सहसा सहा बाजू किंवा सहा शाखा फुटतात. असे अनेक स्फटिक एकमेकांना चिकटून हिमाचा मोठा पुंजका बनतो. बेंटली यांना रस होता तो या पुंजक्यातील एकेका स्फटिकात.

हिमस्फटिकांच्या अभ्यासाला बेंटली यांच्यापूर्वीही मोठी परंपरा होती. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६११ साली स्फटिकांच्या षट्कोनी आकाराच्या कारणांवर छोटी पुस्तिका लिहिली होती. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या स्फटिकांची रेखाटने प्रसिद्ध केली. जपानमधील सरंजामदार दोई तोशित्सुरा यांनी १८३२ साली हिमस्फटिकांच्या चित्रांचा संग्रह प्रकाशित केला. ही सर्व चित्रे हाताने काढलेली होती. रेखाटन पूर्ण होण्याआधीच स्फटिक विरघळत असल्याने चित्रकाराला बराचसा भाग स्मरणाने किंवा अंदाजाने भरावा लागे.

बालपण आणि शिक्षण

बेंटली यांचा जन्म जेरिको येथे एडविन आणि फॅनी बेंटली या दांपत्याच्या पोटी झाला. त्यांना चार्ल्स नावाचे थोरले बंधू होते. वडील शेतकरी होते, तर आई विवाहापूर्वी शाळेत शिक्षिका होती. विल्सन यांचे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतचे बहुतेक शिक्षण घरीच आईच्या हाताखाली झाले. त्यानंतर ते काही काळ गावातील शाळेत गेले. आईजवळ असलेला विश्वकोशाचा संच त्यांनी लहानपणीच वाचून काढला होता.

आईजवळ तिच्या अध्यापनाच्या दिवसांतील एक जुना सूक्ष्मदर्शक होता. विल्सन पंधरा वर्षांचे असताना तो त्यांच्या हाती आला. फुलांच्या पाकळ्या, पक्ष्यांची पिसे, पाण्याचे थेंब अशा अनेक वस्तू त्यांनी त्याखाली पाहिल्या. त्यांचे मन मात्र हिमस्फटिकांवर जडले. पुढचे काही हिवाळे ते थंडगार खोलीत बसून स्फटिकांची रेखाटने करीत राहिले. अशी शेकडो रेखाटने करूनही त्यांचे समाधान झाले नाही. स्फटिक पाहावा, त्याची एक शाखा कागदावर उतरवावी आणि पुन्हा पाहावे, तोवर मूळ आकृती विरलेली असे. जो आकार एकदा नाहीसा झाला तो पुन्हा पाहता येणार नाही आणि त्याची खूणही मागे उरणार नाही, ही खंत त्यांच्या पुढील सर्व कामामागची प्रेरणा ठरली.

सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेता येते, असे त्यांच्या वाचनात आले. आवश्यक उपकरणे महाग होती. साध्या शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हा खर्च फार मोठा होता आणि बर्फाची चित्रे काढणे हे वडिलांना निरर्थक वाटत होते. आईने मुलाची बाजू लावून धरली आणि अखेर भात्याचा कॅमेरा व नवा सूक्ष्मदर्शक घरात आला. त्या काळी हिमस्फटिकांचे छायाचित्रण शिकवणारे कोणी जवळपास नव्हते. बेंटली यांना प्रत्येक अडचणीचे उत्तर प्रयोग करूनच शोधावे लागले. सुरुवातीच्या अनेक काचपट्ट्या वाया गेल्या. अखेरीस १५ जानेवारी १८८५ रोजी, विसावा वाढदिवस जेमतेम महिन्यावर आला असताना, त्यांना हिमस्फटिकाचे पहिले यशस्वी छायाचित्र मिळाले.

छायाचित्रणाची पद्धत

बेंटली यांनी तरुणपणी बसवलेली पद्धत मूलतः आयुष्यभर तशीच राहिली. सूक्ष्मदर्शक आडवा ठेवून तो भात्याच्या कॅमेऱ्याला जोडलेला असे. छायाचित्रे घराला लागून असलेल्या, शेकोटी नसलेल्या जागेत घेतली जात. कारण तेथील हवा आणि तेथे ठेवलेली सर्व साधने बाहेरच्या हवेइतकीच थंड असणे आवश्यक होते. भाता लांबवल्यावर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून सूक्ष्मदर्शकाच्या खिळीपर्यंत हात पोहोचत नसे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी चाके आणि दोरी यांची एक जोडणी स्वतः तयार केली होती.

हिमवर्षाव सुरू झाला की ते काळ्या रंगाची फळी बाहेर धरून तिच्यावर स्फटिक झेलत. काळ्या पार्श्वभूमीवर पडलेल्या स्फटिकांची डोळ्यांनीच प्राथमिक निवड होई. मोडलेले, एकमेकांत अडकलेले किंवा वाऱ्याने झिजलेले स्फटिक पिसाने झाडून टाकले जात. एखादा स्फटिक चांगला वाटला तर झाडूच्या बारीक काडीने तो उचलून काचेच्या पट्टीवर ठेवला जाई आणि पिसाच्या कडेने हलकेच दाबून सपाट केला जाई. उच्छ्वासाच्या उबेनेही स्फटिक बिघडत असल्याने हे करताना ते श्वास रोखून धरीत. प्रकाशासाठी खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा उपयोग होई. उजेड मंद असल्याने काचपट्टी अनेक सेकंद प्रकाशात ठेवावी लागे. स्फटिक झेलण्यापासून छायाचित्र पूर्ण होईपर्यंतचा सर्व काळ मोजक्या मिनिटांचा असे. कारण तापमान गोठणबिंदूच्या खाली असले तरी बर्फाचे हळूहळू बाष्पात रूपांतर होत असते आणि स्फटिकाच्या बारीक कडा सर्वांत आधी झिजतात.

पारदर्शक स्फटिकाचे उजळ पार्श्वभूमीवर घेतलेले छायाचित्र फारसे उठावदार येत नसे. म्हणून बेंटली मूळ ऋणप्रतीवरून दुसरी ऋणप्रत तयार करीत आणि तिच्यावर स्फटिकाच्या बाह्यरेषेभोवतीचा रासायनिक लेप धारदार पात्याने खरवडून काढीत. अशा ऋणप्रतीवरून छापलेल्या चित्रात पार्श्वभूमी गडद काळी येई आणि शुभ्र स्फटिक ठळकपणे उठून दिसे. हे काम अतिशय वेळखाऊ होते. मूळ ऋणप्रती त्यांनी जपून ठेवल्या होत्या.

एका हिवाळ्यात चांगले स्फटिक देणारे हिमवर्षाव थोडेच होत. पाच हजारांचा आकडा मोठा वाटत असला, तरी ४६ वर्षांच्या हिशेबाने तो वर्षाला सरासरी शंभराच्या आसपास भरतो. शेतीची आणि गोठ्याची कामे सांभाळून, हिमवर्षाव दिवसा वा रात्री केव्हाही सुरू झाला तरी तो चुकवायचा नाही, या नियमाने त्यांनी हा संग्रह वाढवला.

संशोधन आणि लेखन

पहिली तेरा वर्षे बेंटली यांचे काम जेरिकोबाहेर जवळजवळ कोणालाही ठाऊक नव्हते. व्हरमाँट विद्यापीठातील निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांनी त्यांना लेखनाचा आग्रह केला. या दोघांच्या नावे हिमस्फटिकांवरील पहिला लेख मे १८९८ मध्ये ॲपल्टन्स पॉप्युलर सायन्स मंथली या मासिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर बेंटली यांनी स्वतंत्रपणे लिहायला सुरुवात केली. अमेरिकी हवामान विभागाचे नियतकालिक मंथली वेदर रिव्ह्यू हे त्यांच्या शास्त्रीय लेखनाचे मुख्य व्यासपीठ ठरले. त्याचे संपादक क्लीव्हलँड ॲबी यांनी पदवी नसलेल्या या शेतकऱ्याच्या लेखांना सातत्याने जागा दिली.

१९०१-०२ च्या हिवाळ्यातील निरीक्षणांवर आधारित त्यांचा सचित्र लेख या नियतकालिकात १९०२ साली आला. छायाचित्र घेताना ते तापमान, वारा, ढगांचा प्रकार आणि वादळाची स्थिती यांची नोंद ठेवीत. या नोंदींच्या आधारे त्यांनी स्फटिकाचा आकार आणि तो ज्या हवेत वाढला त्या हवेची स्थिती यांच्यात संबंध असल्याचे मांडले. ढगातून खाली येताना स्फटिक वेगवेगळ्या थरांतून जातो आणि त्या प्रत्येक थराचा ठसा त्याच्या रचनेवर उमटतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणजेच स्फटिकाची आकृती वाचता आली तर वरच्या हवेची स्थिती समजू शकेल. विमाने आणि हवामान-फुगे यांच्या साह्याने वातावरणाची नियमित मोजणी सुरू होण्यापूर्वीच्या काळात हा विचार विशेष महत्त्वाचा होता.

१९०३ साली त्यांनी आपल्या ५०० छायाचित्रांचा संच वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे सुपूर्द केला. घराला आग लागली किंवा आपल्याला काही झाले, तरी सर्व काम नष्ट होऊ नये, असा त्यामागचा हेतू होता. हिमस्फटिकांखेरीज खिडक्यांच्या काचांवर साचणारे दहिवर, कोळ्याच्या जाळ्यांवरील दवबिंदू आणि गारांचे छेद यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली.

पर्जन्यबिंदूंचा अभ्यास

उन्हाळ्यात बेंटली पावसाकडे वळत. पडणाऱ्या थेंबाचे आकारमान मोजणे ही त्या काळी अवघड समस्या होती, कारण जमिनीवर आदळताच थेंब फुटतो. १८९८ पासून काही वर्षे प्रयोग करून बेंटली यांनी त्यावर घरगुती साधनांनी तोडगा काढला. पसरट भांड्यात सुमारे एक इंच जाडीचा बारीक, सैल पिठाचा थर पसरून ते भांडे काही सेकंद पावसात धरले जाई. पडलेला प्रत्येक थेंब पिठात शोषला जाऊन कणकेची एक गोळी बनत असे. या गोळ्या वाळल्यावर त्यांचा व्यास मोजता येई. गोळी आणि मूळ थेंब यांच्या आकारांचे प्रमाण ठरवण्यासाठी त्यांनी ठाऊक आकाराचे थेंब उंचावरून पिठात टाकून पडताळणी केली होती.

शेकडो नमुने गोळा करून त्यांनी विविध प्रकारच्या पावसातील थेंबांच्या आकारांची तुलना केली. सर्वांत मोठे थेंब सुमारे पाव इंचाचे, म्हणजे ६ मिलिमीटरच्या आसपासचे असतात, असे त्यांना आढळले. काही पाऊस ढगांच्या वरच्या भागातील हिम वितळून पडतो, तर काही पाऊस हिमाच्या अवस्थेतून न जाताच तयार होतो, असा निष्कर्षही त्यांनी मांडला. पाऊस या दोन्ही मार्गांनी तयार होऊ शकतो, हे पुढे ढगांच्या भौतिकीने मान्य केले.

हा अभ्यास १९०४ साली मंथली वेदर रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनीही पावसाच्या थेंबांवरील आपले संशोधन प्रकाशित केले. पुढच्याच वर्षी लेनार्ड यांना वेगळ्या कामासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बेंटली यांच्या लेखाची मात्र शास्त्रज्ञांनी फारशी दखल घेतली नाही. पिठाची पद्धत पुढे १९४३ मध्ये लॉज आणि पार्सन्स या अमेरिकी संशोधकांनी पावसाची तीव्रता व थेंबांचा आकार यांतील संबंध ठरवण्यासाठी वापरली. पावसाने होणारी जमिनीची धूप समजून घेण्यासाठी त्यांचे हे काम आधारभूत मानले जाते. हवामानशास्त्रज्ञ डंकन ब्लँचर्ड यांनी १९७० च्या दशकापासून बेंटली यांच्या कामाचा पुन्हा शोध घेतला आणि १९९८ मध्ये त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले.

सत्यतेविषयीचा वाद

बेंटली यांच्या छायाचित्रांतील नेटकी, सममित आकृती हेच त्यांच्या लोकप्रियतेचे कारण होते आणि त्यावरील आक्षेपाचेही. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान यांनी १८९३ साली हिमस्फटिकांवर पुस्तक प्रकाशित केले होते. त्यासाठी रिचर्ड नॉयहाउस यांनी घेतलेल्या सूक्ष्मछायाचित्रांतील बहुतेक स्फटिक ओबडधोबड आणि असमान शाखांचे होते. अमेरिकेतील एका शेतकऱ्याला मात्र जवळपास निर्दोष स्फटिक मिळतात, हे हेलमान यांना पटले नाही. बेंटली यांनी ऋणप्रतीवर पाते चालवून स्फटिकांच्या बाह्यरेषांत फेरफार केला आहे, असा आक्षेप त्यांनी घेतला.

पात्याचा उपयोग केवळ पार्श्वभूमी काढून टाकण्यासाठी होतो आणि स्फटिकाच्या आतील रचनेला हात लावला जात नाही, अशी बेंटली यांची भूमिका होती. स्फटिकांची आंतरिक रचना दाखवणाऱ्या त्यांच्या प्रतिमा अस्सल आहेत, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि बाह्यरेषा हाताने कोरल्यामुळे कडांच्या अचूकतेला मर्यादा येतात, हेही मान्य करण्यात येते.

हेलमान यांच्या आक्षेपातील दुसरा मुद्दा अधिक मूलगामी होता. निसर्गात पडणाऱ्या स्फटिकांपैकी बहुसंख्य स्फटिक अनियमित, तुटलेले किंवा एकांगी वाढलेले असतात. पूर्ण सममित स्फटिक विरळाच. बेंटली फळीवरच निवड करून सुंदर नमुने तेवढे ठेवीत, त्यामुळे त्यांचा संग्रह हिमवर्षावाचा प्रातिनिधिक नमुना ठरत नाही. जी सौंदर्यदृष्टी त्यांना प्रत्येक वादळात थंडीत उभे करीत होती, तीच त्यांच्या संग्रहाची शास्त्रीय मर्यादाही ठरली. हिमस्फटिक म्हणताच सहा शाखांची रेखीव चांदणी डोळ्यांसमोर येते, यात या निवडीचा वाटा मोठा आहे.

व्यक्तिगत जीवन

बेंटली अविवाहित होते. आईच्या दीर्घ आजारपणात त्यांनी तिची शुश्रूषा केली आणि तिच्या मृत्यूनंतरही ते त्याच शेतघराच्या एका भागात राहिले. घराच्या दुसऱ्या भागात बंधू चार्ल्स यांचे कुटुंब राहत असे. बेंटली शरीरयष्टीने लहानखुरे होते. पियानो व क्लॅरिनेट या वाद्यांची त्यांना आवड होती. हवामानाची दैनंदिन नोंद ठेवण्याचा नेम त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

शेजाऱ्यांच्या नजरेत ते निरुपद्रवी पण विक्षिप्त गृहस्थ होते. ज्या बर्फाने रस्ते बंद होतात, चारा महागतो आणि गुरे गोठ्यात अडकून पडतात, त्याची चित्रे काढण्यात आयुष्य घालवणे गावकऱ्यांना अनाकलनीय वाटे. बाहेरच्या शहरांत त्यांच्या पारदर्शिकांच्या व्याख्यानांना श्रोते मिळत, पण गावात त्यांना फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

छायाचित्रांपासून त्यांना अल्प उत्पन्न मिळे. एका प्रतीसाठी ते अवघे पाच सेंट घेत. महाविद्यालये, शाळा, दागिन्यांचे कारागीर आणि कापडावरील नक्षी आखणारे त्यांची चित्रे विकत घेत. साहित्य आणि वेळ यांवर झालेला खर्च मात्र या मिळकतीतून कधीच भरून निघाला नाही. त्यांनी आपल्या पद्धतीवर कोणताही हक्क राखून ठेवला नाही. तिचे तपशील ते लेखांतून मोकळेपणाने देत असत.

मान्यता

उतारवयात बेंटली यांना काही प्रमाणात मान्यता मिळाली. १९१९ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीने १९२० मध्ये त्यांची सन्मान्य फेलो म्हणून निवड केली. याच संस्थेने १९२४ मध्ये आपले पहिले संशोधन-अनुदान त्यांना दिले. त्याची रक्कम २५ डॉलर होती. जानेवारी १९२३ मध्ये नॅशनल जिओग्राफिक मासिकात हिम आणि दव यांच्या सौंदर्यावरील त्यांचा सचित्र लेख प्रसिद्ध झाल्याने त्यांचे नाव देशभर पोहोचले.

छायाचित्रांचे पुस्तक व्हावे, ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. अमेरिकी हवामान विभागातील भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांच्या सहकार्याने ती पूर्ण झाली. स्नो क्रिस्टल्स हे २,४०० हून अधिक चित्रांचे पुस्तक मॅकग्रॉ-हिल या प्रकाशनसंस्थेने १९३१ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. चित्रे बेंटली यांची, तर शास्त्रीय विवेचन हम्फ्रीज यांचे होते. १९६२ मध्ये या पुस्तकाची पुनर्मुद्रित आवृत्ती निघाली. तेव्हापासून ते सामान्य वाचक, चित्रकार आणि विद्यार्थी यांच्या सहज हाती येऊ लागले.

मृत्यू आणि दफन

पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर १९३१ मध्ये, बेंटली सुमारे सहा मैलांचे अंतर हिमवादळातून पायी चालत घरी परतले. त्यानंतर ते आजारी पडले. त्यांच्या हवामान-नोंदवहीतील अखेरची नोंद ७ डिसेंबरची असून तीत उत्तरेचा थंड वारा आणि उडणारे हिम यांचा उल्लेख आहे. न्यूमोनियाने २३ डिसेंबर १९३१ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, जेरिको येथील राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला. जेरिको सेंटर येथील दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

व्हरमाँटमधील अनेक प्रसिद्ध व्यक्तींच्या कबरी राजधानीतील एखाद्या भव्य स्मारकस्थळी नसून अशाच गावोगावच्या दफनभूमींत विखुरलेल्या आहेत. अमेरिकेचे तिसावे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांची कबर प्लिमथ नॉच या त्यांच्या जन्मगावी, कुटुंबीयांच्या ओळीतच आहे. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट ओल्ड बेनिंग्टन येथील चर्चच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत. भूदान महाविद्यालयांच्या कायद्याचे प्रणेते जस्टिन मॉरिल यांचे दफन स्ट्रॅफर्ड या त्यांच्या गावी झाले, तर क्रांतिकाळातील सेनानी ईथन ॲलन यांचे स्मारक बर्लिंग्टनच्या ग्रीन माउंट दफनभूमीत आहे. यांपैकी कूलिज, फ्रॉस्ट आणि मॉरिल यांची कर्तबगारी मुख्यतः राज्याबाहेर गाजली. बेंटली यांचे जन्मस्थान, घर, प्रयोगशाळा आणि कबर मात्र एकाच गावच्या हद्दीत आहेत.

वारसा

जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी बेंटली यांच्या पुस्तकापासून प्रेरणा घेऊन हिमस्फटिकांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. बेंटली यांनी केवळ सुंदर स्फटिक निवडले होते. नाकाया यांनी अनियमित स्फटिकांसह सर्व प्रकारांचे वर्गीकरण केले. १९३६ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि बाष्पाचे प्रमाण बदलले की स्फटिकाचा आकार ठरावीक पद्धतीने बदलतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. स्फटिकाच्या आकारात वरच्या हवेची माहिती साठवलेली असते, या बेंटली यांच्या तर्काला त्यामुळे प्रायोगिक आधार मिळाला.

कोणतेही दोन हिमस्फटिक सारखे नसतात, या विधानाचीही पुढे तपासणी झाली. १९८८ मध्ये अमेरिकी संशोधक नॅन्सी नाइट यांना एकाच वादळातून मिळालेले दोन साध्या घडणीचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसले. त्यामुळे साध्या आकाराच्या लहान स्फटिकांमध्ये साम्य आढळू शकते, असे मानले जाते. अनेक शाखा फुटलेल्या गुंतागुंतीच्या स्फटिकांच्या बाबतीत मात्र वाढीच्या वाटा इतक्या असंख्य असतात की दोन समान स्फटिक सापडण्याची शक्यता नगण्य ठरते.

बेंटली यांच्या मूळ काचपट्ट्यांचा प्रमुख संग्रह न्यूयॉर्क राज्यातील बफेलो विज्ञान संग्रहालयात जतन केला आहे. स्मिथसोनियन संस्थेकडे त्यांनी स्वतः पाठवलेली छायाचित्रे आहेत. जेरिको येथील इतिहास मंडळाने गावातील जुन्या लाल गिरणीच्या इमारतीत त्यांच्या छायाचित्रांचे व साहित्याचे कायमस्वरूपी प्रदर्शन मांडले आहे. जॅकलीन ब्रिग्ज मार्टिन यांनी त्यांच्या जीवनावर लिहिलेल्या स्नोफ्लेक बेंटली या बालपुस्तकातील मेरी अझेरियन यांच्या चित्रांना १९९९ साली बालसाहित्यातील प्रतिष्ठेचे कॅल्डेकॉट पदक मिळाले.

संगणकीय नियंत्रण आणि आधुनिक भिंगे यांच्या साह्याने हिमस्फटिकांची याहून कितीतरी सुस्पष्ट छायाचित्रे आज घेता येतात. तरीही एकाच ठिकाणी, एकाच व्यक्तीने, एकाच उपकरणाने सुमारे साडेचार दशके केलेले निरीक्षण म्हणून बेंटली यांच्या संग्रहाचे महत्त्व टिकून आहे. त्यांनी टिपलेला प्रत्येक स्फटिक छायाचित्रानंतर काही मिनिटांतच नाहीसा झाला. काचपट्टीवरील प्रतिमा हाच त्याचा एकमेव उरलेला पुरावा आहे.